चोवीस तासांचा जमाखर्च

राष्ट्रीय उत्पन्नाचे प्रकरण शिकवताना आमच्या सरांनी पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाचे एक प्रसिद्ध उदाहरण सांगितले. एका गृहस्थाने पगारी स्वयंपाकीण ठेवली, तर तिचा पगार राष्ट्रीय उत्पन्नात धरला जातो. पुढे त्याने तिच्याशीच लग्न केले, तर ती तोच स्वयंपाक करते, तीच भांडी घासते. पण राष्ट्रीय उत्पन्न मात्र तेवढ्याने घटते. पिगूचा हा ग्रंथ १९२० सालचा आहे. वर्गात सगळे हसले. मला मात्र हसू आले नाही. त्या दिवशी पहाटे साडेचारला उठून मी पाच माणसांचा स्वयंपाक करून आले होते आणि तासाला बसल्या बसल्या गॅसच्या नंबराची चिंता करीत होते.

प्रस्तुत लेखाचा उगम त्या तासात आहे. मी वयाने आपणांपैकी बहुतेकांपेक्षा मोठी आहे. लग्नामुळे सुटलेले शिक्षण पंधरा वर्षांनी पुन्हा हाती घेतले. सकाळी महाविद्यालय, दुपारपासून लोणावळ्यातील एका दुकानात हिशेबाचे काम, आणि उरलेला वेळ कामशेतच्या घराचा. माझे यजमान कारखान्यात पाळीने काम करतात. मुलगी आठवीत, मुलगा पाचवीत, शिवाय सासूबाई आणि थोडीशी भातशेती. नोकरी, घरकाम आणि मुलांची हौसमौज या तिन्ही गोष्टी एका दिवसात बसवायच्या कशा, हा माझ्यापुरता पुस्तकी प्रश्न नव्हता. गेल्या ऑगस्टमध्ये मी यंदाच्या परीक्षेचा अर्ज भरायचा नाही, असे ठरवूनही टाकले होते. परंतु निर्णयापूर्वी वेळ जातो कोठे, हे तरी एकदा पाहावे असे वाटले.

वेळेची मोजणी

पैशाचा हिशेब ठेवतात तसा वेळेचाही ठेवता येतो. आपल्या देशात १९९८-९९ साली सहा राज्यांत अशी प्रायोगिक पाहणी झाली होती. त्यांत महाराष्ट्र नव्हता. संपूर्ण देशाची पहिली पाहणी २०१९ साली झाली व दुसरी २०२४ साली. पद्धत सोपी आहे. आदल्या दिवशीच्या पहाटे चारपासून त्या दिवशीच्या पहाटे चारपर्यंतचे चोवीस तास घ्यायचे, त्यांचे अर्ध्या अर्ध्या तासाचे खाने पाडायचे, आणि प्रत्येक खान्यात माणसाने काय केले ते लिहायचे.

२०१९ च्या पाहणीत सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१.२ टक्के स्त्रिया दिवसभरात काही ना काही बिनमोल घरकाम करीत असल्याचे आढळले; पुरुषांत हे प्रमाण २६.१ टक्के होते. हे काम करणाऱ्या स्त्रीचा सरासरी वेळ रोजचा २९९ मिनिटे होता, तर पुरुषाचा ९७ मिनिटे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. ९७ मिनिटे ही सर्व पुरुषांची सरासरी नव्हे. जे घरकाम करतात त्यांचीच ती आहे. सुमारे तीन-चतुर्थांश पुरुष या सरासरीत येतच नाहीत.

२०२४ मध्ये स्त्रियांची २९९ मिनिटे २८९ वर आली. पाच वर्षांत दहा मिनिटे वाचली, ही समाधानाची गोष्ट म्हणावी, तर पुरुषांची मिनिटेही ९७ वरून ८८ वर उतरली. म्हणजे बायकांच्या हातून सुटलेली दहा मिनिटे पुरुषांनी उचलली, असे काही हे आकडे सांगत नाहीत. मुलांचे व घरच्या माणसांचे संगोपन हा आणखी निराळा रकाना. १५ ते ५९ या वयोगटात असे संगोपन करणाऱ्या स्त्रियांचा त्यात रोज १४० मिनिटे वेळ जातो आणि पुरुषांचा ७४ मिनिटे.

हे आकडे केवळ अभ्यासकांच्या उपयोगाचे आहेत असे नाही. ५ जानेवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपघातातील नुकसानभरपाईच्या एका खटल्यात गृहिणीच्या श्रमाचे मोल धरताना २०१९ च्या याच पाहणीचा आधार घेतला. पिगूने दाखवलेली उणीव अशा रीतीने कायद्याच्या दारी पोहोचली आहे. मात्र हे मोल बाई गेल्यावर ठरले. ती हयात असताना घरात ते कोण ठरवणार, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

आमच्या घराचा तक्ता

मी हीच पद्धत घरी वापरली. एका जुन्या हिशेबाच्या वहीत प्रत्येकाच्या नावे दिवसाला ४८ खाने आखले आणि ऑगस्टमधील एक आठवडा ते भरले. सासूबाईंचे त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी लिहिले, बाकीच्यांनी आपापले लिहिले. घरकामाचे आठवड्याचे खाने असे निघाले : माझे ७६, सासूबाईंचे ४४, मुलीचे १६, यजमानांचे १०, मुलाचे २. माझ्या अभ्यासाचे खाने ८, म्हणजे आठवड्यात चार तास.

बेरजेपेक्षाही तक्ता भरताना आलेल्या अडचणींनी मला अधिक शिकवले.

पहिली अडचण अशी की, माझ्या कित्येक खान्यांत एक काम मावेना. भाकरी थापताना मुलाची पाढ्यांची उजळणी, लोकलची वाट पाहताना शाळेच्या व्हॉट्सॲप गटावरील सूचना, दुकानात बिले जुळवताना पिठाचा डबा रिकामा झाल्याची आठवण. हाताने एक काम चालते, मन दुसऱ्या कामाची राखण करते. यजमानांच्या खान्यांत एका वेळी एकच गोष्ट लिहिलेली होती. त्यांना कामाचा कंटाळा आहे असे मुळीच नाही. कारखान्यात ते राबतात. परंतु घरी काय करायचे हे त्यांना सांगावे लागे, आणि ते सांगणे हेही माझेच काम होते. त्यांनी स्वतःच्या हाताने एका खान्यात लिहिले होते : "हिला मदत." मदत हा शब्द चांगला आहे, पण काम मुळात कोणाचे, ते त्या शब्दातच ठरून गेलेले असते.

दुसरी गोष्ट मुलीच्या रकान्यात दिसली. मी महाविद्यालयात येऊ लागल्यापासून सकाळची भांडी, केर आणि संध्याकाळचा कुकर तिच्याकडे गेला होता. माझे शिक्षण मी तिच्या अभ्यासाच्या वेळातून उसने घेत होते. तिने कधी तक्रार केली नाही. तिचे सोळा खाने व भावाचे दोन शेजारी शेजारी पाहिल्यावर मला जी लाज वाटली, ती येथे लिहिणे मला आवश्यक वाटते. 'लेक हाताशी आली' असे आपण कौतुकाने म्हणतो. राष्ट्रीय पाहणी सहाव्या वर्षापासून का मोजते, ते मला तेव्हा कळले.

सहलीचे खाने

तिसरी गोष्ट मौजेची. लोणावळ्यात राहणाऱ्या वा काम करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको की, इतरांची सुटी हाच आमचा कामाचा दिवस. पावसाळ्यात शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून माणसांची रीघ लागते. दुकानांना, उपाहारगृहांना, रिक्षांना त्या दिवशी उसंत नसते. माझी साप्ताहिक सुटी बुधवारी आणि मुलांची रविवारी. यजमानांची पाळी तर दर आठवड्याला निराळी. एका छपराखाली राहूनही आम्ही चौघे एकाच वेळी मोकळे असणे हा योगच.

त्या आठवड्यात सोबतिणीशी दिवस बदलून मी एक रविवार मिळवला आणि आम्ही भाजे लेणी पाहावयास गेलो. कामशेतहून लोकलने पुढचेच स्टेशन मळवली, तेथून पायी. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून कोरलेली ही बावीस लेणी आपल्या दाराशी आहेत आणि मुलांनी ती पाहिली नव्हती. पाऊस होता, धबधबा होता, मुले आनंदात होती. मुलाने आपल्या खान्यात "मज्जा" असे मोठ्या अक्षरांत लिहिले. त्याच खान्यात मी लिहिले होते : "मुले पाण्यात, लक्ष."

रात्री मोजणी केली. सहलीचे खाने दहा. सहलीआधीच्या बटाटे उकडणे, पुऱ्या लाटणे, डबे भरणे, छत्र्या-कपडे शोधणे यांचे आणि परत आल्यावर चिखलाचे कपडे धुण्याचे, डबे घासण्याचे मिळून खाने नऊ. त्यांतील आठ माझे. सहलीमुळे माझी दमणूक झाली हे सांगण्याचा येथे हेतू नाही. जी गोष्ट आपण विरंगुळा म्हणून मांडतो, तिचेही एक घरकाम असते, आणि ते न मोजल्यामुळे सर्वांची सुटी ही एकीच्या कामाची पाळी होऊन बसते. मुलांबरोबर हसायला मन मोकळे असावे लागते, ते त्या दिवशी माझे नव्हते.

जात्याकडून गिरणीकडे

यंत्रे आली की घरकाम आपोआप हलके होईल, असे सामान्यतः समजले जाते. मावळात याचा दाखला फार दूर शोधावा लागत नाही. माझ्या सासूबाईंच्या तरुणपणी पहाटेचे दळण जात्यावर होत असे. दळताना गायिलेल्या ओव्या हे तर मावळ-मुळशीच्या बायकांचे अलिखित वाङ्मय. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह या डोंगरी भागातील गावोगाव फिरून त्या गोळा करण्यास प्रारंभ केला आणि पुढे संग्रह एक लाखाच्या वर गेला. ओवीत माहेर असते, भाऊ असतो, विठ्ठल असतो, आणि न मोजल्या गेलेल्या कष्टांची नोंदही असते. एका अर्थाने तो त्या बायकांचा वेळेचा तक्ताच होय.

विजेची गिरणी आली आणि पहाटेचे ते तास सुटले. ही फार मोठी सोय झाली, याविषयी शंका नको. जात्याचे गोडवे गाणाऱ्यांनी ते एकदा तासभर ओढून पाहावे. मी सासूबाईंना विचारले, "आई, तेव्हा कामात गाणं तरी होतं, नाही का?" त्या म्हणाल्या, "गाणं येत हुतं म्हणून दळत नव्हतो बाई. दळावं लागायचं म्हणून गात हुतो." थोड्या वेळाने त्यांनीच पुस्ती जोडली, "पण समोर जाऊबाई असायची. दोघींचा हात खुंट्याला. तू तर एकलीच असतीस वट्यापाशी."

सुटलेले तास गेले कोठे? रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात असे दाखवले आहे की, घरात यंत्रे येत गेली तरी तेथील आईचे काम घटले नाही. पूर्वी घरकामाचा काही भाग पुरुष, मुले व नोकर करीत, तो यंत्रांमुळे सुटला. आणि उरलेले सारे एकट्या बाईवर येऊन स्वच्छतेच्या व संगोपनाच्या अपेक्षा वाढल्या. आमच्या घरी मिक्सर आहे, गॅस आहे. पण डब्यात रोज निराळा पदार्थ हवा, गणवेशाला रोज इस्त्री हवी, आणि शाळेचा निम्मा अभ्यास घरी करून घ्यायला हवा. यंत्र वेळ वाचवते. वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडावा, हे यंत्र ठरवीत नाही.

घराबाहेरची बाजू

हा प्रश्न केवळ नवरा-बायकोने समजूतदारपणे मिटवण्याचा आहे, असे मानणे चुकीचे होईल. पावसाळ्यात भातलावणीच्या दिवसांत मावळातील बायका सकाळपासून चिखलात वाकलेल्या असतात. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडलेल्या इंद्रायणी वाणाने या भागाच्या भाताला नाव मिळवून दिले. पण रोपे लावणारा हात तोच, आणि संध्याकाळी चूल पेटवणाराही तोच. त्या वेळी लहान मूल कोणापाशी ठेवायचे? १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून आलेली अंगणवाडी हा मोठाच आधार. परंतु तिची वेळ शेताच्या वा कारखान्याच्या वेळेइतकी लांब नसते. २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्याने पन्नास वा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर आवश्यक केले. तथापि शेत, लहान दुकान, घरगुती खानावळ यांत पन्नास माणसे कोठून असणार? लोणावळ्यातील पुष्कळशा बायका अशाच ठिकाणी काम करतात.

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ डायन एल्सन यांनी बिनमोल श्रमाच्या बाबतीत तीन पायऱ्या सुचवल्या आहेत. त्यांना आपण मराठीत ओळख, कपात आणि वाटप म्हणू. आधी काम आहे हे मान्य करावयाचे. मग अनावश्यक वा टाळता येण्याजोगे कष्ट कमी करावयाचे. आणि उरलेले वाटून घ्यावयाचे. या वाटपात घरातील माणसांबरोबर शासन व मालकही आले. पाण्याचा नळ घरात येणे ही कपात होय, आणि पाळणाघर हे वाटप होय.

आम्ही काय केले

ओळख तक्त्याने झालीच होती. यजमानांनी वही दोनदा पाहिली. पहिल्यांदा म्हणाले, "एवढं नसेल गं." दुसऱ्यांदा काही बोलले नाहीत, म्हणून मीच बोलले.

कपातीत आम्ही रोजच्या दोन भाज्यांची एक केली आणि गणवेशाची इस्त्री सोमवारपुरती ठेवली. आकाश कोसळले नाही.

वाटप मात्र कठीण गेले. आम्ही असे ठरवले की, 'मदत' कोणी करायची नाही. ज्याचे काम त्याने मुळापासून शेवटापर्यंत पाहायचे. सकाळची पाळी नसेल त्या आठवड्यांत मुलांचे डबे यजमानांचे. म्हणजे भाजी निवडणेही त्यांचे आणि तेल संपत आले हे ध्यानात ठेवणेही त्यांचेच. पहिल्या आठवड्यात पोळ्या जळल्या, एकदा डबाच गेला नाही. मला सूचना देण्याचा मोह आवरेना, हे कबूल केले पाहिजे. काम सोडणे हेही शिकावे लागते. मुलाकडे भांडी दिली, तेव्हा सासूबाई दोन दिवस रुसल्या. पोराने भांडी घासलेली शेजारीपाजारी पाहतील, ही त्यांची चिंता. तिसऱ्या दिवशी त्याच त्याला कढईला राख कशी लावायची ते दाखवीत बसलेल्या मी पाहिल्या. मुलीचे काम निम्मे केले.

मौजेचेही आम्ही वाटप केले. महिन्यातून एक रविवार मी बदलून घेते. त्या दिवसाचे खाणे यजमान आणि मुले ठरवतात, बहुधा चुरमुरे आणि केळी. बाकी दिवशी रात्रीची भांडी होईपर्यंत कोणी ओट्यापासून हलायचे नाही, असा नियम मुलीने केला. कोणी घासते, कोणी पुसते, सासूबाई खुर्चीत बसून जुन्या गोष्टी सांगतात. दिवसातला सर्वांत जास्त हशा हल्ली तेथेच होतो. जावेविषयी सासूबाई काय म्हणाल्या होत्या, ते मला रोज आठवते.

डिसेंबरमध्ये पुन्हा एक आठवडा तक्ता भरला. माझे खाने ६०, सासूबाईंचे ३६, यजमानांचे ३०, मुलीचे ८, मुलाचे ८. हे समान वाटप नव्हे. आजही सर्वांत मोठा आकडा माझाच आहे, आणि शेतावरच्या कामाच्या दिवसांत काय होईल ते तेव्हा पाहावे लागेल. पण माझे सोळा खाने मोकळे झाले. त्यांतील बारा अभ्यासाला गेले. उरलेल्या चारांत मी झोपले.

समारोप

पूर्वी मी 'मला वेळ मिळत नाही' असे म्हणत असे. आता मी तसे म्हणत नाही. वेळ सर्वांना चोवीस तासच मिळतो. तो घरात वाटला जातो, आणि वाटणी कोणी केली हे कोणाला आठवत नाही, म्हणून ती नैसर्गिक वाटते. एकदा ती कागदावर आली की तिच्याविषयी बोलता येते. सर्वच घरांत बोलण्याने भागेल असे नाही. जेथे बाई एकटीच कमावती व एकटीच पालक आहे, तेथे वाटणार कोणाशी? अशा घरांसाठी अंगणवाडीची वेळ, पाळणाघर आणि कामाचे तास हेच खरे प्रश्न होत, व ते आपण सर्वांनी मांडले पाहिजेत.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींना माझी एवढीच विनंती आहे. येत्या सुटीत आपल्या घराचा एका आठवड्याचा तक्ता करून पाहा. आपल्या आईच्या रकान्याशेजारी आपला रकाना ठेवा. अर्थशास्त्राच्या प्रकल्पासाठी तो उपयोगी पडेल. त्याहून अधिक उपयोगी तो घरी पडेल.

परीक्षेचा अर्ज मी भरला आहे. शुल्काच्या पावतीवर तारीख घालताना यजमान बरोबर होते; त्या दिवशी डब्याचा आठवडा त्यांचा होता, म्हणून ते घाईत होते.